चौदावं वर्ष

कुटाईसीच्या भाजीबाजारामागे
सात पायऱ्या उतरून माझं दुकान.
त्सिआला बाई दर नोव्हेंबरात येतात,
संत्री उतरली की.
एका पिशवीत संत्री, दुसऱ्या पिशवीत लॅपटॉप,
लोकरी शालीत बांधलेला.
गाठ सोडण्याआधी चष्मा काढतात, का कोण जाणे.

मीच विकला होता तो.
तेव्हा मी वरच्या रस्त्यावर, काचेच्या दुकानात नोकर,
गळ्यात टाय.
"किती चालेल?" त्यांनी विचारलं.
"चार वर्षं."
चारच का? मालक चार म्हणायचा.
मालकाला कंपनीचा माणूस म्हणाला होता.
बाईंनी वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.
शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या त्या.

पाचव्या वर्षी बॅटरी फुगली
रात्रभर ठेवलेल्या कणकेसारखी.
सातव्या वर्षी बिजागरी गेली,
मी चमच्याचा दांडा कापून बसवला. अजून आहे.
नवव्या वर्षी तेहेतीस अक्षरांतलं एक बटण उडालं.
"ते अक्षर मला फारसं लागत नाही," म्हणाल्या,
आणि आठवड्यानं परत आल्या :
"नवऱ्याच्या नावात आहे."
मेलेल्या एका यंत्राचं काढून लावलं मी,
काळ्यांत एकटं करडं.

आता वायर निसटली की तो जातो.
म्हणून बाई प्रत्येक वाक्यानंतर सेव्ह करतात.
घरात मुलांना करता येतील असे प्रयोग लिहितायत,
व्हिनेगरचे, मिठाचे, गंजक्या खिळ्यांचे.
दोनशे बारा झाले.

यंदा पडद्यावर कंपनीचा निरोप :
हे यंत्र पुढच्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
'पात्र' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

"नवीन घ्या," मी म्हणालो.
"याचं काय मेलंय?"
"तसं काहीच नाही."
"मग?"
"बँक उघडणार नाही. पुढे कधीतरी मेलही नाही."
"म्हणजे हा म्हातारा नाही झाला, गोचा.
याला बोलावणं बंद झालंय."

मग त्यांनी माझ्याच पावतीपुस्तकावर
अर्धायुकाल मांडला.
चार वर्षांनी अर्धा, आठ वर्षांनी पाव,
बाराव्या वर्षी दोन आणे.
"बघ, कमी होतो. शून्य होत नाही."
गणित चुकीचं होतं. त्यांनाही ठाऊक असणार.
लॅपटॉप म्हणजे युरेनियम नव्हे,
एका दुपारी गप्प होतो तो, सगळाच्या सगळा.
पण पेन माझ्या हातात नव्हतं.

मागच्या खोलीत माझ्याकडे त्रेचाळीस यंत्रं आहेत.
तीन वर्षांची, साडेतीन वर्षांची,
सगळी बटणं जागच्या जागी.
कुणी पाणी सांडलं, कुणाला पातळ हवा होता.
मी त्यांचे अवयव विकतो.
आणि पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं तर
अजूनही 'चार' म्हणतो.
जीभ वळलेली आहे तशी.

दुसरी एक प्रणाली टाकली, फुकटातली, हलकी.
पंखा खोकला. पडदा काळाच.
बाईंनी एक संत्रं सोललं,
पांढऱ्या शिरा एकेक करून काढल्या,
अर्धं माझ्यापुढे ठेवलं.
खाऊन झालं तरी पडदा काळाच.
"वेळ लागतो त्याला," म्हणाल्या त्या,
जणू दुकान त्यांचं आणि गिऱ्हाईक मी.

मग उजेड आला. खालच्या कोपऱ्यातून, निळसर.
दोनशे बारावा प्रयोग अर्ध्या वाक्यावर थांबला होता :
*खिळा बाहेर काढा आणि*

पैसे मोजताना त्यांनी जुनी वही उघडली,
त्याच पानावर.
चारच्या पुढे जागा होती.
"आता किती चालेल?"
पेनाचं टोपण काढलेलं.

मी टेबलावरची सालं गोळा करत राहिलो,
गरजेपेक्षा जास्त वेळ.
"वायर जपून काढा," मी म्हणालो.
त्यांनी तेच लिहून घेतलं.